आफ्रिकेच्या इतिहासाची मूळ साधनं संपादित करून छापताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आफ्रिकेच्या इतिहासाचा प्राध्यापक नाही. मोडी कागद वाचता वाचता पोर्तुगीज कागदांकडे वळलो आणि तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलो. पणजीच्या पुराभिलेखागारात तीनशे वर्षांपूर्वीची स्वाहिली पत्रं आहेत, असं एका गप्पांच्या कार्यक्रमात सांगितलं आणि तेव्हापासून प्रश्न येत राहिले. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत.

संपादित आवृत्ती म्हणजे जुना कागद टाइप करून छापणं, एवढंच ना?

एवढंच असतं तर आठवड्याला एक निघाली असती. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, ते आपण आजही उघडतो. पण त्यांत मजकुरापेक्षा प्रस्तावना किती कामाच्या आहेत, हे ज्याने ते खंड खरोखर वापरले त्याला ठाऊक असतं. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. श्लोकांच्या खाली पाठभेदांची, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींतल्या फरकांची, रांग दिसते, तीच त्या कामाची खरी किंमत.

आफ्रिकेच्या साधनांनाही तेच लागू. मूळ भाषेतली संहिता, तिच्या कोणत्या प्रती आहेत आणि कुठे, कोणती प्रत आधाराला धरली, कुठे अक्षर लागलं नाही, कुठे संपादकाने अंदाज केला, मग भाषांतर, टीपा, स्थळनामं, शब्दसूची. एक गोष्ट सर्वांच्या वर: मूळ लेखक कुठे थांबतो आणि संपादक कुठे सुरू होतो तो जोड वाचकाला दिसला पाहिजे. जोड बेमालूम झाला की आवृत्ती वाचायला गोड लागते, पण तिच्यावर विसंबता येत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत मी याच मुद्द्यावर परत येणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पण आफ्रिकेत लिहिण्याची परंपरा कुठे होती? सगळं तोंडीच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि दर वेळी मी आधी इथिओपियाचं नाव घेतो. तिथे गीझ भाषेत राजांचे वृत्तांत आणि संतांची चरित्रं शतकानुशतकं लिहिली गेली. माली देशातल्या एसुक इथला एक अरबी शिलालेख हिजरी ४०४ चा, म्हणजे इसवी सन १०१३–१४ चा. आपल्याकडे तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. तिंबुक्तूचा अल-सादी १५९४ मध्ये जन्मला आणि १७ व्या शतकाच्या मध्याला त्याने पश्चिम आफ्रिकेतल्या सोंघाय साम्राज्याचा इतिहास अरबीत लिहून काढला. अंगोलात न्देम्बू सरदारांनी पोर्तुगीज भाषेतल्या पत्रव्यवहाराची स्वतःची दफ्तरं जपली, आपल्याकडे देशमुख-कुलकर्ण्यांच्या वाड्यांत असत तशी.

शिवाय अजमी. अरबी लिपीत लिहिलेल्या आफ्रिकी भाषांना हे नाव आहे: हौसा, फुलानी, वोलोफ, आणि पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली. ज्याला मोडी येतं त्याला अजमीचं दुखणं लगेच कळेल. ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नाही, स्वर अर्धे गाळलेले, एकाच खुणेचे तीन उच्चार, आणि लिहिणाऱ्याला सगळं माहीत असल्यामुळे वाचणाऱ्याची पर्वा नाही.

यात मराठी किंवा गोव्याच्या माणसाचा काय संबंध?

ओढूनताणून आणलेला नाही, खरा संबंध आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या विजरईच्या हाताखाली चाले. साहजिकच त्या किनाऱ्यावरचे कागद मांडवीच्या काठी येऊन पडले. गोव्याचं दफ्तर १५९५ चं. पहिला दफ्तरदार दियोगु द कौतु, जो स्वतः इतिहासकार होता.

याच दफ्तरात १८ व्या शतकाच्या सुरुवातीची, अरबी लिपीतली स्वाहिली पत्रं आहेत. किल्वा बेटावरून आलेली, १७११ च्या आसपासची, राणी फातिमाच्या घराण्याशी जोडलेली. आजवर सापडलेल्या स्वाहिली लेखनात ही सर्वांत जुन्यांपैकी मानली जातात. म्हणजे टांझानियातल्या अभ्यासकाला आपल्या भाषेचा जुना कागद बघायचा तर विमान दाबोळीला किंवा मोप्याला उतरवावं लागतं. यहया अली ओमर आणि फ्रँकल या दोघांनी १९९० च्या दशकात त्यांतल्या फक्त एका पानाचं संपादन करून एक अख्खा लेख लिहिला. एका पानाचा! काम कसलं असतं ते यावरून समजावं.

दुसरं नाव पांडुरंग पिसुर्लेकरांचं. गोव्याचे हे संशोधक त्याच दफ्तराचे प्रमुख होते. १९५३ ते १९५७ या काळात त्यांनी गोव्याच्या राज्यमंडळाच्या बैठकांचे ठराव पाच खंडांत छापले. आपण ते मराठे-पोर्तुगीज संबंधांसाठी वाचतो. पण १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी मोंबासाचा किल्ला घेतला त्या काळातल्या बैठका वाचा. गोव्यात बसलेली मंडळी आफ्रिकेचीच काळजी करत होती. या खंडांत संभाजी महाराजही भेटतात आणि मोंबासाही. सूची करणाऱ्याने दोन्हींकडे सारखं लक्ष दिलं असेल तरच दुसरं सापडतं.

इंग्रजी भाषांतर छापलेलं आहे. मग मूळ डच-अरबी कशाला धुंडाळायचं?

विल्यम बोसमन हा डच कंपनीचा अधिकारी. गिनीच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या घानाच्या बाजूला, त्याने बरीच वर्षं काढली. त्याचं पुस्तक डचमध्ये १७०४ ला आलं, इंग्रजीत १७०५ ला. अडीचशे वर्षं इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांनी तेच इंग्रजी उचललं. १९७० च्या दशकात ॲल्बर्ट व्हान डान्त्सिख यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहिली, आणि चुका, गाळलेला मजकूर, भलतेच अर्थ यांची यादी लेखमालाभर लांबली. भाषांतरकाराने घाईत केलेलं काम होतं, दुसरं काही नाही. पण त्या घाईवर इतिहासाची पुस्तकं उभी राहिली होती.

म्हणून मूळ संहिता आणि भाषांतर समोरासमोर छापावं असा माझा आग्रह असतो. पानं वाढतात, प्रकाशक कुरकुरतो. कुरकुरू द्या.

जुने युरोपी प्रवासी एकमेकांचं उचलत असत म्हणतात. असा उचललेला मजकूर छापायचा का?

उचलत म्हणजे काय, सर्रास. ओल्फर्ट डापर हा ॲमस्टरडॅमचा वैद्य. १६६८ मध्ये त्याने आफ्रिकेवर भलाथोरला ग्रंथ काढला आणि आफ्रिकेत तो कधी गेलाच नाही. म्हणून ग्रंथ टाकाऊ का? नाही. त्याने वापरलेली कितीतरी टिपणं आता नष्ट झाली आहेत, ती फक्त त्याच्यातून उरली. त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, घानाच्या राज्याचं प्रसिद्ध वर्णन लिहिणारा अल-बक्री स्पेन सोडून कुठे गेला नव्हता. व्यापाऱ्यांकडून ऐकून आणि जुने ग्रंथ चाळून लिहिलं.

याउलट झां बार्बो. फ्रेंच प्रोटेस्टंट, १६७८–७९ आणि १६८१–८२ अशा दोन सफरी खरोखर केलेला. इंग्लंडला पळून आल्यावर त्याने १६८८ मध्ये फ्रेंचमध्ये हकिकत लिहिली. पुढे स्वतःच तिचं इंग्रजी केलं, फुगवलं, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १७३२ ला छापलं गेलं. फुगवताना डापर आणि इतरांचं पोतंभर आत ओतलं. पॉल हेअर, ॲडम जोन्स आणि रॉबिन लॉ यांनी १९९२ मध्ये जुने प्रवासवृत्तांत छापणाऱ्या हॅक्लुइट सोसायटीसाठी त्याची आवृत्ती केली तेव्हा त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला: जे दुसऱ्यांकडून उचललेलं आहे ते गाळायचं, जे बार्बोने स्वतः पाहिलं ते ठेवायचं.

मला हा निर्णय पटतो आणि पटतही नाही. बार्बोने काय पाहिलं हे हवं असेल तर याहून चांगली वाट नाही. पण १७३२ नंतरच्या युरोपी वाचकाने आफ्रिकेबद्दल काय वाचलं, हा प्रश्न असेल तर उसनवारीसकट सगळं पुस्तक हवं. त्यांनी गाळलं ते सांगून गाळलं, म्हणून भांडण सभ्य राहतं.

बनावट किंवा प्रक्षिप्त मजकूर असल्याचं कसं कळतं?

‘तारीख अल-फत्ताश’ची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

तिंबुक्तूकडचा हा अरबी इतिहासग्रंथ. १९१३ मध्ये हूदास आणि दलाफोस या फ्रेंच विद्वानांनी तो छापला, फ्रेंच भाषांतरासह. त्यांच्यासमोर तीन प्रती होत्या: अ, ब आणि क म्हणू. अ जुनी, पण सुरुवातीची पानं नसलेली. ब ही अ वरूनच केलेली नक्कल. क मात्र वेगळी: तिच्यात सुरुवात होती आणि मध्ये मध्ये जास्तीचा मजकूर होता. संपादकांनी काय केलं? तिन्हींची एक सलग गोष्ट बांधली आणि ती १६ व्या–१७ व्या शतकातली म्हणून दिली.

आता जास्तीच्या मजकुरात काय होतं ते बघा. सोंघायचा सम्राट अस्किया मुहम्मद १४९६–९७ मध्ये हजला गेला असताना त्याला भाकीत सांगितलं जातं की पुढे अहमद नावाचा एक खलिफा होईल. आणि १९ व्या शतकात, नायजर नदीच्या त्याच भागात, अहमद लोब्बो नावाचा माणूस हमदल्लाही इथे राज्य स्थापून खिलाफतीवर हक्क सांगत होता! आपल्याकडे एखाद्या बखरीत ‘पुढे अमुक घराणं गादीवर येईल’ असं भविष्य सापडलं की पहिला प्रश्न विचारतो, बखर लिहून कोणाच्या दरबारात सादर झाली? तेच.

१९७१ मध्ये नेहेमिया लेव्ह्ट्सियन यांनी दाखवलं की क प्रतीतला जादा मजकूर १९ व्या शतकात घुसडलेला आहे. पण मौरो नोबिली यांनी अलीकडे केलेलं काम आणखी पुढे जातं. त्यांच्या मते ‘घुसडलेला’ म्हणणंसुद्धा चूक. इथे दोन वेगळे ग्रंथ आहेत: एक १७ व्या शतकातला, इब्न अल-मुख्तार याचा, दुसरा अहमद लोब्बोच्या बाजूचा विद्वान नूह बिन अल-ताहिर याने जुन्या ग्रंथावरून नव्याने रचलेला. ‘तारीख अल-फत्ताश’ हे नाव या दुसऱ्याचं. १९१३ च्या छापील पुस्तकात जो ग्रंथ आहे तो त्या रूपात कोणीही कधीही लिहिला नव्हता, तो दोन फ्रेंच संपादकांनी पॅरिसमध्ये जुळवला.

आणि शंभर वर्षं जग तो आफ्रिकेचा आवाज म्हणून वाचत होतं. जोड दिसला पाहिजे म्हणतो तो यासाठी.

नूहला खोटारडा म्हणून मोकळं होऊ नये, हेही सांगतो. १९ व्या शतकातला तिकडचा पंडित सत्तेसाठी इतिहास कसा घडवतो, याचं त्याच्याइतकं उत्तम साधन दुसरं नाही. साधन कशाचं, एवढंच बदललं.

दोन पाठ एकमेकांशी जुळत नसतील तर एक बरोबर धरायचा का?

नाही, दोन्ही छापायचे. किल्वाचा वृत्तांत दोन रूपांत आला: एक जुवांव द बारुश या पोर्तुगीज इतिहासकाराने १५५२ मध्ये सारांशाने दिलेला, दुसरा अरबीतला, ज्याची आपल्यापर्यंत आलेली प्रत १९ व्या शतकातली नक्कल आहे. राजांची नावं, क्रम, राज्यकाळ यांत फरक. दोन्ही मिसळून एक ‘बरोबर’ वंशावळ करण्याचा मोह होतो. एकदा केली की ती शाळेच्या पुस्तकापर्यंत जाते आणि परत येत नाही.

मूळ हस्तलिखितच नष्ट झालं असेल तर?

नकलेवर काम करायचं आणि नक्कल आहे हे पहिल्या पानावर सांगायचं. अंतेरा ड्यूक हा जुन्या कॅलाबारचा, आजच्या आग्नेय नायजेरियातला, एफिक व्यापारी. गुलामांचा व्यापार करणारा, हे आडपडदा न ठेवता म्हटलं पाहिजे. १७८५ ते १७८८ त्याने रोजनिशी लिहिली, बंदरावरच्या मोडक्यातोडक्या व्यापारी इंग्रजीत. नोंद बहुधा सकाळच्या वेळेने आणि धक्क्यावरच्या हवेने सुरू होते: सहा वाजलेत, धुकं आहे किंवा पाऊस. मग कोणतं जहाज आलं, कोणी मेजवानी दिली, किती माणसं विकली. थंडपणे.

ती वही एडिंबरोला मिशनच्या संग्रहात गेली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेली. उरले ते एका मिशनऱ्याने आधी उतरवून घेतलेले उतारे. १९५६ मध्ये ते छापले, २०१० मध्ये बेरेन्ट, लेथम आणि नॉर्थरप यांनी जहाजांच्या नोंदींशी ताडून नवी आवृत्ती केली. मिशनऱ्याने काय उतरवलं नाही, ते मात्र कायमचं गेलं.

मौखिक परंपरेची संपादित आवृत्ती होते का?

होते, आणि कागदापेक्षा अवघड असते. जेम्स स्टुअर्ट हा नाताळमधला इंग्रज न्यायाधिकारी, झुलू उत्तम बोलणारा. १८९० च्या दशकापासून पुढे त्याने दोनशेच्या आसपास लोकांशी झालेली बोलणी वह्यांत टिपली. ऐकायचं झुलू, लिहायचं अर्धं इंग्रजीत, मध्येच झुलू म्हण, मध्येच स्वतःचा शेरा. सांगणारा म्हातारा, विचारणारा साहेब. कोण कोणासमोर काय बोलेल हे वेगळं सांगायला नको. कॉलिन वेब आणि जॉन राइट यांनी ही टिपणं संपादित करायला घेतली. पहिला खंड १९७६ ला, सहावा २०१४ ला.

झुलूंच्या शाका राजाबद्दल आज जे लिहिलं जातं त्यातलं बरंच या वह्यांमधून येतं. चांगला वाचक तिथे तीन आवाज वेगळे ऐकतो: सांगणाऱ्याचा, स्टुअर्टचा, संपादकांचा. वाईट वाचक एकच ऐकतो आणि त्याला ‘झुलू परंपरा’ म्हणतो.

आफ्रिकेतल्या राजाने स्वतः लिहिलेला इतिहास आहे का?

आहे. असांतेचा, म्हणजे आजच्या घानातल्या राज्याचा, राजा प्रेम्पे याला इंग्रजांनी १८९६ मध्ये पकडलं आणि १९०० मध्ये सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवलं. १९२४ पर्यंत तो तिथे होता. त्या हद्दपारीत त्याने आपल्या घराण्याचा इतिहास इंग्रजीत लिहवून घ्यायला सुरुवात केली. त्याची संपादित आवृत्ती २००३ मध्ये आली, संपादकांत घानाचे आडू बोआहेन आणि इमॅन्युएल अच्यांपोंग होते. मंडालेला टिळक, सेशेल्सला प्रेम्पे, साधारण त्याच वर्षांत.

शब्दसूचीत एवढं काय असतं?

इथे भारतीय वाचकाला खास हक्क आहे. इंग्रजांच्या रॉयल आफ्रिकन कंपनीच्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांमधली १६८१ ते १६९९ ची पत्रं रॉबिन लॉ यांनी तीन खंडांत संपादित केली, १९९७ ते २००६. त्यांत ‘बूजेस’ असा माल पानापानावर येतो. बूजेस म्हणजे कवड्या, पोर्तुगीज ‘बूझियु’वरून. मालदीवच्या, भारत-लंकेच्या वाटेने युरोपात गेलेल्या आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून उतरलेल्या. आपल्याकडे फुटकी कवडी देणार नाही म्हणतात. आजच्या बेनिनमधल्या व्हिदाच्या बंदरात त्याच कवड्या मोजून माणूस विकत घेत.

तशीच कापडाची नावं. निकनी, टॅपसील ही आफ्रिकेकडच्या यादीत सारखी दिसणारी कापडं पश्चिम भारतातून, सुरतेच्या बाजूने गेलेली. युरोपातल्या संपादकाला या नावांवर टीप लिहायला ग्रंथालय पालथं घालावं लागतं. गुजरातच्या जुन्या कापड-बाजाराची माहिती असलेला माणूस त्याला दोन वाक्यांत सोडवू शकतो. हे काम इथे बसून करता येण्यासारखं आहे, पण करतं कोण?

तारखा कशा द्यायच्या?

मुळात आहे तशी आधी, आपली नंतर. मराठी कागद वाचणाऱ्याला शुहूर सन, फसली, शक यांची सवय असते, त्यामुळे घाबरू नये. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे इसवीच्या दोन वर्षांत पडतं. महिना नसेल तर १०१३–१४ असंच लिहायचं, ऐटीत एक आकडा नाही. इथिओपियाचं वर्ष आपल्या सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि इसवीपेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. आणि खरा खड्डा इंग्रजांच्याच कागदांत आहे: तेव्हा त्यांचं वर्ष २५ मार्चला बदले. म्हणजे फेब्रुवारी १६८२ चं म्हणून दिसणारं पत्र आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६८३ चं. हे विसरलं की उत्तर प्रश्नाच्या आधी वर्षभर पोहोचतं.

अपमानकारक शब्द बदलायचे का?

संहितेत हात लावायचा नाही. प्रस्तावनेत आणि टीपांत आपली भाषा आपली ठेवायची. पोर्तुगीज कागदांत आफ्रिकी माणसाला ‘काफ्री’ म्हटलेलं असतं. मूळ अरबी ‘काफिर’. गोव्यात ‘खापरी’ हा त्याचाच वंशज. मराठीत भाषांतर करताना ‘हबशी’ आणि ‘सिद्दी’ हे तयार शब्द हाताशी येतात आणि तिथेच फसायला होतं. हबशी म्हणजे मुळात इथिओपियाकडचा. मलिक अंबरला तो शब्द लागू. मोझांबिकच्या माकुआ माणसाला हबशी म्हटलं की अख्खा खंड एका शब्दात कोंबला.

टीपा किती द्याव्यात?

वाचक अडेल तिथे. संपादकाला किती माहीत आहे हे दाखवायला नको.

साक्षी-पुराव्यांचे कागद असतील तर वेगळं काही पाहावं लागतं का?

लागतं. मोंबासाच्या राजाचा पोरका मुलगा यूसुफ बिन हसन याला गोव्यात आणून ऑगस्टिनियन साधूंनी वाढवलं. जुन्या गोव्यात टेकडीवर त्यांच्या चर्चचा एकच पडका मनोरा आज उभा आहे, तीच मंडळी. ख्रिस्ती होऊन त्याचं नाव दों जेरोनिमु झालं, आणि पुढे राजा म्हणून त्याला मोंबासाला पाठवलं. ऑगस्ट १६३१ मध्ये तो किल्ल्यात शिरला, कप्तानाला भोसकलं, पुन्हा मुसलमान झाला, आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. त्यानंतर शपथेवर साक्षी घेतल्या गेल्या, त्या फ्रीमन-ग्रेनव्हिल यांनी १९८० मध्ये संपादित करून छापल्या.

साक्षी कशासाठी होत्या? मेलेल्यांना हुतात्मे ठरवण्यासाठी. म्हणजे प्रश्न ठरलेले, उत्तरं त्या प्रश्नांच्या मापाची. ‘धर्म सोडतोस का, असं विचारलं होतं का?’ या प्रश्नाला ‘हो’ मिळणारच. बंड जकातीमुळे झालं की अपमानामुळे, हे त्यात मिळालं तर वाटेत सांडलेलं म्हणून मिळतं. संपादकाने प्रश्न वाचकासमोर ठेवावे, नुसती उत्तरं नव्हे.

स्कॅन इंटरनेटवर फुकट आहेत. मग छापील आवृत्ती कशाला?

स्कॅन म्हणजे दफ्तर बांधलेला रुमाल सोडला, एवढंच. वाचणारा अजून यायचाय. तरीही स्कॅन आधी व्हावेत, यात शंका नाही. २०१२ मध्ये तिंबुक्तू सशस्त्र गटांच्या हाती गेलं तेव्हा अब्देल कादेर हैदरा आणि त्यांच्या माणसांनी पत्र्याच्या पेट्यांत भरून पोथ्या मालीच्या राजधानीत, बामाकोला हलवल्या. जानेवारी २०१३ मध्ये पळ काढताना त्या लोकांनी अहमद बाबा संस्थेतली सुमारे चार हजार हस्तलिखितं जाळली किंवा पळवली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या संग्रहांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून चालतो, त्यात आफ्रिकेचे पुष्कळ संग्रह आले आहेत.

पोथ्या कुटुंबांच्या मालकीच्या असतील तर परवानगी कोणाची?

कुटुंबाची. नुसती सही नव्हे. काय छापणार, कुठे विकणार, त्यांना किती प्रती देणार हे सगळं बोलून. कोणाच्या आजोबांनी कर्ज बुडवलं, कोण गुलामाच्या वंशातला, अशा गोष्टी त्या कागदांत असतात आणि गावात ती घराणी अजून आहेत.

अशा आवृत्त्या कोण काढतं?

सर्वांत मोठी योजना ‘फोन्तेस हिस्तोरिये आफ्रिकाने’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘आफ्रिकेच्या इतिहासाची साधनं’, १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय अकादमी-संघाच्या छत्राखाली निघालेली. देशोदेशीच्या अकादम्या आपापले खंड काढतात. ब्रिटिश अकादमीची मालिका त्यातली. वरच्या लॉ, प्रेम्पे, मोंबासा या आवृत्त्या तिथल्याच. एसुकसह मालीचे अरबी शिलालेख पाउलु द मोराइश फारियश यांनी २००३ मध्ये छापले तेही. दुखणं किमतीचं आहे. युरोपात छापलेला खंड आक्राच्या किंवा बामाकोच्या विद्यापीठाला परवडत नाही, आणि ज्यांचा इतिहास आहे त्यांच्या कपाटात तो नसतो. करारातच आफ्रिकेसाठी स्वस्त प्रत किंवा खुली डिजिटल प्रत मागून घ्यावी. नंतर कोणी देत नाही.

छपाईत सर्वांत जास्त काय बिघडतं?

अरबी. मी एका संग्रहाच्या मुद्रितशोधनाला हातभार लावला होता, छापखान्याचं नाव घेत नाही. पहिली प्रुफं आली तर अरबी अक्षरं एकमेकांना न जोडलेली, सुटी सुटी, आणि वरून डावीकडून उजवीकडे मांडलेली. म्हणजे ‘रमा’चं ‘मार’. जुळाऱ्याला विचारलं तर म्हणाला, छानच दिसतंय की. दुसऱ्या प्रुफात अक्षरं जोडली गेली, पण ओळ तुटली तिथे वाक्याचा शेवट आधी आणि सुरुवात नंतर. चौथ्या प्रुफाला जमलं, तेही अरबी वाचणारा एक मदरशातला शिक्षक शेजारी बसवला म्हणून. तेव्हापासून सांगतो: ज्या लिपीत मजकूर आहे ती वाचणारा माणूस शेवटच्या प्रुफापर्यंत सोबत हवा, आणि त्याला मानधन द्या.

मला सुरुवात करायची आहे. कुठून करू?

पोर्तुगीज येत असेल तर पणजीहून. मोझांबिकचे गव्हर्नर, मोंबासाचे कप्तान, दीवचे गुजराती व्यापारी आणि त्यांची आफ्रिकेला जाणारी जहाजं यांचे कागद तिथे आहेत. एकच पत्र घ्या, लहानसं. त्याचं वाचन करा, अडलेल्या जागी चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका, आणि महिनाभराने पुन्हा काढा. पहिल्या खेपेला जे शब्द लख्ख दिसले होते त्यांतले दोन-तीन दुसऱ्या खेपेला भलतेच निघतात. स्वाहिली येणाऱ्या एखाद्याला जोडीला घेतलं तर त्या किल्व्याच्या पत्रांवरही अजून काम शिल्लक आहे.